‘यात खरे किती?’ : रहस्यकादंबरी, पुरावा आणि ठाण्याचा वाचक

डॅन ब्राउन यांच्या ‘एंजल्स अँड डेमन्स’ (२०००) आणि ‘द दा विंची कोड’ (२००३) या कादंबऱ्या मराठी वाचकांपर्यंत आधी मुळातून आणि मग अनुवादातून पोचल्या. त्यांच्याविषयीचे वाचकांचे मत प्रायः तीन वाक्यांत सामावलेले असे. पुस्तक खाली ठेववत नाही, हे पहिले. माहिती पुष्कळ मिळते, हे दुसरे. आणि तिसरे वाक्य प्रश्नार्थक : यात खरे किती? मराठी समीक्षेने पहिले वाक्य रंजनाच्या खात्यावर टाकले, दुसरे ऐकले न ऐकलेसे केले आणि तिसरे भाबडेपणाचे लक्षण ठरविले. कादंबरी कल्पित असते. तिच्याकडे सत्यासत्याचा हिशेब मागणे म्हणजे कलाकृतीच्या स्वायत्ततेचे भान नसणे, ही भूमिका आपल्याकडे इतकी अंगवळणी पडली आहे की तिचे समर्थन करण्याचीही कोणाला गरज वाटत नाही. परंतु धर्म, विज्ञान आणि इतिहास यांची मोट बांधणाऱ्या या वाङ्मयप्रकारापुरते तरी तिसरे वाक्यच सर्वांत जाणते आहे, असे म्हणावे लागते. ते कोठून आले, याचा शोध ठाणे जिल्ह्याच्या ग्रंथेतिहासात चांगला लागतो.

प्रथम संहितेकडे पाहू. दोन्ही कादंबऱ्यांच्या आरंभी, कथानक सुरू होण्यापूर्वी, ‘वस्तुस्थिती’ अशा अर्थाच्या मथळ्याखाली एक पान आहे. ‘एंजल्स अँड डेमन्स’मध्ये सर्न ही जिनिव्हाजवळची संशोधनसंस्था व तेथील प्रतिद्रव्य यांविषयीची विधाने आहेत आणि इल्युमिनाटी हा गुप्तसंघही खरा असल्याचे सांगितले आहे. ‘द दा विंची कोड’मध्ये ‘प्रायरी ऑफ सायन’ या संघाची आणि पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातील कागदपत्रांची ग्वाही आहे. हे पान कथेच्या आत आहे की बाहेर? निवेदक अजून बोलू लागलेला नाही; म्हणजे बोलतो आहे तो लेखक. वाचकाशी होणारा करार येथे ठरतो, आणि तो ‘मी कल्पित सांगतो’ असा नाही. मग वाचकाने कराराची कलमे तपासली तर तो अरसिक कसा?

कलमे तपासली की काय दिसते, हे आता सर्वज्ञात आहे. इल्युमिनाटी हा संघ बव्हेरियात ॲडम वाइसहाउप्टने १७७६ साली स्थापिला. गॅलिलिओ १६४२ मध्ये वारला होता. या दोहोंमधील १३४ वर्षांची दरी कादंबरीने बिनदिक्कत बुजवून गॅलिलिओला त्या संघात बसविले आहे. कादंबरीतील पाव ग्रॅम प्रतिद्रव्य तितक्याच द्रव्याशी भिडले तर सुमारे १० किलोटन स्फोटाइतकी ऊर्जा बाहेर पडेल, हे गणित बरोबर आहे. पण तेवढे प्रतिद्रव्य जमवायचे कसे, हा प्रश्न उरतो. आपल्याकडे आजवर निर्माण झालेले सारे प्रतिद्रव्य एकत्र केले तरी विजेचा एक दिवा काही मिनिटे जळेल एवढीच ऊर्जा मिळेल, असा खुलासा सर्नलाच करावा लागला. प्रायरीची कथा तर अधिक उद्बोधक आहे. पिएर प्लांतार याने १९५६ मध्ये फ्रान्समध्ये या नावाची एक संस्था रीतसर नोंदविली आणि पुढे तिला मध्ययुगीन वंशावळ चिकटविणारी बनावट कागदपत्रे ग्रंथालयात दाखल करविली. म्हणजे कादंबरी ज्या दस्तऐवजाच्या अस्तित्वाची हमी देते तो दस्तऐवज होता. खोटा होता, इतकेच.

या करारनाम्याची कसोटी लंडनच्या न्यायालयातही लागली. ‘द होली ब्लड अँड द होली ग्रेल’ (१९८२) या पुस्तकाच्या तीन लेखकांपैकी मायकेल बेजंट आणि रिचर्ड ली या दोघांनी ब्राउन यांच्या प्रकाशकांवर स्वामित्वहक्कभंगाचा दावा लावला. त्यांचे पुस्तक इतिहास म्हणून प्रसिद्ध झालेले. त्यामुळे पेच असा, की जे घडले म्हणून सांगितले त्यावर मालकी कशी सांगणार? ते आम्ही रचले असे म्हणावे तर ग्रंथाची प्रतिष्ठा जाते, आणि आम्ही शोधले असे म्हणावे तर दावा दुबळा होतो. एप्रिल २००६ मध्ये न्यायमूर्ती पीटर स्मिथ यांनी दावा फेटाळला. गंमत अशी की न्यायमूर्तींनाही या प्रकाराची लागण झाली आणि त्यांनी निकालपत्रातील तिरप्या अक्षरांत स्वतःचा एक सांकेतिक संदेश दडवून ठेवला.

त्याच वर्षी भारतात चित्रपटाच्या निमित्ताने जे घडले त्याकडे वाङ्मयविचाराच्या दृष्टीने फारसे पाहिले गेलेले नाही. कॅथॉलिक संघटनांच्या आक्षेपांनंतर ‘द दा विंची कोड’ हा चित्रपट प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र आणि कथा काल्पनिक असल्याचे निवेदन, यांसह येथे दाखविला जाणार होता. तरीही गोव्यासह काही राज्यांनी त्यावर बंदी घातली. आंध्र प्रदेश व तमिळनाडूतील बंदी तेथील उच्च न्यायालयांनी रद्द केली. बंदीचे समर्थन करता येत नाही. मात्र त्या निवेदनात एक उपरोध आहे : कादंबरीच्या दारावर ‘हे खरे आहे’ अशी पाटी होती, चित्रपटाच्या दारावर शासनाने ‘हे खोटे आहे’ अशी लावली. दोन्ही पाट्यांनी वाचक-प्रेक्षकाला तपासणीच्या श्रमातून मुक्त केले.

ठाणे जिल्ह्यात तेव्हा वसई तालुकाही होता (पालघर जिल्हा वेगळा झाला तो २०१४ मध्ये). वसईचा मराठी ख्रिस्ती समाज या कादंबरीचा एक वेगळाच वाचक ठरतो. ‘सुवार्ता’सारखे मासिक चालविणाऱ्या, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला आपले मानणाऱ्या या समाजाला शुभवर्तमाने मराठीतूनच परिचयाची आहेत. इ. स. ३२५ च्या नायसिया परिषदेत मतदानाने ख्रिस्ताला देवत्व बहाल झाले, असे कादंबरीतील एक विद्वान पात्र ठासून सांगते. परिषदेतला वाद पुत्र आणि पिता यांच्या नात्याविषयीचा होता. त्याचे देवत्व मानणारे लेखन त्याआधीच्या अडीच शतकांत विपुल आहे. हे ज्याला ठाऊक आहे त्याचा आक्षेप दुखावलेल्या भावनेच्या कप्प्यात टाकून मोकळे होणे सोयीचे असले तरी न्याय्य नाही. तो ज्ञानाचाही आक्षेप आहे.

आता प्रश्न असा, की ‘खरे किती?’ ही विचारणा मराठी वाचकाच्या तोंडी इतकी सहज का येते? तिला परंपरा आहे. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ मध्ये ‘नावल व नाटक’ यांवरील निबंधात तत्कालीन कादंबऱ्यांच्या असंभाव्यतेवर बोट ठेवले. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला आणि १९०२ मध्ये ‘कादंबरी’ हा निबंध लिहिला. दप्तरे धुंडाळणारा आणि अद्भुत व वास्तव कादंबरीची चिकित्सा करणारा माणूस एकच होता, या योगायोगाने मराठी अभिरुचीवर खोल ठसा उमटविला. कागद दाखवा, ही मागणी इतिहासाकडून कादंबरीकडे सरकली. ‘श्रीमान योगी’सारख्या कादंबरीला नरहर कुरुंदकरांचे प्रदीर्घ पत्र प्रस्तावनेच्या जागी लाभले, ते याच मागणीचे फळ होय.

या परंपरेची दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. कागदाविषयीचा आदर जिथे कागद वाचण्याच्या शिस्तीविना पोचतो, तिथे तो कागदासारख्या दिसणाऱ्या कशालाही शरण जातो. एरिक फॉन डॅनिकेनच्या परग्रहवासी देवांच्या कल्पनेवर आधारलेले बाळ भागवतांचे ‘देव? छे! परग्रहावरील अंतराळवीर!’ मराठीत उदंड वाचले गेले, ते कादंबरी म्हणून नव्हे. ‘माहिती मिळते’ हे दुसरे वाक्य असे दुधारी आहे. वाचकाची भूक खरी. ती भागविणारे अन्न कोणते, हे सांगण्याचे काम समीक्षेने केले नाही.

ठाण्यापुरते पाहता ही भूक जुनी आहे. रेल्वे १८५३ मध्ये ठाण्याला आणि पुढच्या वर्षी कल्याणला आली. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. हे दुसरे स्थापन करण्यात पुढाकार घेणारे विनायक लक्ष्मण भावे म्हणजेच ‘महाराष्ट्र सारस्वत’कार. मिठागरांचा व्यवसाय सांभाळून मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिणाऱ्या या गृहस्थाच्या आयुष्यात एक प्रकरण असे आहे की कोणाही रहस्यकादंबरीकाराला त्याचा हेवा वाटावा.

तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी प्रवर्तित केलेल्या महानुभाव पंथाने चौदाव्या शतकापासून आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. सकळ लिपी, सुंदरी लिपी अशी त्यांची नावे. देवनागरी अक्षराच्या जागी ठरीव संकेत वापरायचा आणि किल्ली पंथाच्या आतच ठेवायची, अशी ही व्यवस्था. परिणामी मराठी गद्याचा आद्य ठेवा, त्यात म्हाइंभटांचे ‘लीळाचरित्र’ आले, शतकानुशतके मराठी माणसाच्या डोळ्यांआड राहिला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत राजवाडे, भावे आदी संशोधकांनी या लिपीचे कुलूप उघडले. भाव्यांनी महानुभाव ग्रंथांच्या प्रकाशनाचे कामही हाती घेतले. पुढे ‘लीळाचरित्र’ ह. ना. नेने यांनी संपादून १९३६-३७ च्या सुमारास छापले.

गुप्त पंथ, सांकेतिक लिपी, दडविलेला धर्मग्रंथ, एकांडा संशोधक : ब्राउन यांच्या कथेचे सारे आशयद्रव्य येथे आहे. फरक उकलीच्या रीतीत आहे. ब्राउन यांचा नायक रॉबर्ट लँग्डन एका रात्रीत, पाठलाग चुकवीत संकेत फोडतो. उत्तर जुळले की ते बरोबर, कारण पुढचे दार उघडते. भाव्यांच्या पिढीला असे दार नव्हते. एका पोथीतील वाचन दुसऱ्या पोथीशी ताडून पाहावे लागे, पंथातील महंतांचे साहाय्य मिळवावे लागे, आणि छापल्यावर दुसरा कोणी चूक दाखवील याची तयारी ठेवावी लागे. ‘महाराष्ट्र सारस्वत’वर नंतर शं. गो. तुळपुळ्यांनी पुरवणी लिहिली, हा त्या तयारीचाच भाग. संशोधनातील गुपित फुटते ते सर्वांसाठी. रहस्यकादंबरीतील गुपित नायकाच्या मुठीतून वाचकाच्या मुठीत येते आणि तिथेच मिटते. दुसरा फरक अधिक टोचणारा आहे. ब्राउन यांच्या जगात लपविणारा तो अपराधी. महानुभावांनी लपविले यामागे आक्रमणाचे भय होते की पंथनिष्ठा, की दोन्ही, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. त्यांना कटवाले म्हणण्याचा उतावीळपणा कोणी केला नाही.

अलीकडच्या काळात मराठीत स्वतंत्रपणे हा प्रकार हाताळला जाऊ लागला आहे. वसंत वसंत लिमये यांची ‘विश्वस्त’ द्वारकेच्या दिशेने जाते, तर डॉ. प्रकाश कोयाडे यांची ‘प्रतिपश्चंद्र’ शिवछत्रपतींच्या राजमुद्रेतील शब्दावरून नाव घेते. वाचकांनी दोन्हींचे स्वागत केले. त्या स्वागतातही तीच तीन वाक्ये आहेत. त्यांचे स्वतंत्र परीक्षण येथे अभिप्रेत नाही. एवढे मात्र म्हणता येईल की या कादंबऱ्यांना ‘दा विंची कोडसारखी’ हे प्रशस्तिपत्र देऊन थांबणे म्हणजे त्यांच्या पुराव्याच्या हाताळणीकडे पाठ फिरविणे होय. कल्पिताने इतिहासात किती ढवळाढवळ करावी, याला नियम नाही. पण जी कादंबरी आपला थरार ‘हे कागदात आहे’ या आश्वासनावर उभा करते तिच्यातील कालविपर्यास ही किरकोळ तांत्रिक चूक राहत नाही. तो रचनेतलाच दोष ठरतो, कारण कथेतील आनंदाचा पाया तेथेच खचतो. शेक्सपिअरच्या ‘ज्यूलियस सीझर’मध्ये घड्याळाचे ठोके पडतात आणि काही बिघडत नाही, कारण त्या नाटकाने घड्याळाच्या अस्सलपणावर काही बेतलेले नाही.

पुरावा कसा हाताळावा, याचे एक उदाहरण याच जुन्या ठाणे जिल्ह्यात आहे. नालासोपाऱ्याच्या बुरूड राजाच्या कोटाखाली स्तूप असल्याचे ओळखून पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी एप्रिल १८८२ मध्ये तो खणला. आत दगडी पेटी निघाली. तिच्यात तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा, आणि त्यात सोन्याचा. सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याची १३ खापरे होती. ती बुद्धाच्या भिक्षापात्राची असावीत, असे अनुमान भगवानलालांनी केले, आणि ते कोणत्या आधारावर केले तेही मांडले. भोवती आठ ब्राँझ बुद्धमूर्ती होत्या. यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे सापडल्याने पेटीचा काळ दुसऱ्या शतकाकडे जातो. मूर्ती मात्र शैलीवरून आठव्या-नवव्या शतकातील मानल्या जातात. म्हणजे मधल्या काळात कोणीतरी ती पेटी उघडली, मूर्ती ठेवल्या आणि पुन्हा बंद केली. कोणी व का, हे पेटी सांगत नाही. करंडक आणि खापरे मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेली.