वापरात नसलेला कोड आणि ४५ मिनिटं

मोठ्या कंपन्यांचं सॉफ्टवेअर कसं घडतं आणि कसं बिघडतं, याचा इतिहास आपण या मालिकेत बघतोय. आज नाइट कॅपिटल या अमेरिकन कंपनीची गोष्ट. शेअर खरेदी-विक्रीच्या धंद्यातलं हे तिथलं मोठं नाव होतं.

तारीख १ ऑगस्ट २०१२. न्यूयॉर्कचा बाजार सकाळी साडेनऊला उघडला. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते. नाइटच्या यंत्रणेकडे ग्राहकांच्या २१२ छोट्या ऑर्डर आल्या. त्या पुऱ्या करता करता यंत्रणेनं ४५ मिनिटांत १५४ प्रकारच्या शेअर्समध्ये ४० लाखांहून जास्त व्यवहार करून टाकले. तोटा झाला ४६ कोटी डॉलरहून जास्त. पुढच्या काही दिवसांत बाहेरून ४० कोटी डॉलर उभे करावे लागले आणि २०१३ मध्ये कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली.

हे कसं घडलं ते आपल्याला तपशिलात माहीत आहे. अमेरिकेच्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशननं, म्हणजे तिथल्या सेबीनं, ऑक्टोबर २०१३ मध्ये दिलेल्या आदेशात सगळा क्रम मांडला आहे. तो वाचल्यावर माझं मत पक्कं झालं की या अपघाताची सुरुवात नऊ वर्षं आधीची आहे.

२००३ साली नाइटनं ‘पॉवर पेग’ नावाची एक सोय वापरणं बंद केलं. पण तिचा कोड सर्व्हरवरून काढला नाही. २००५ मध्ये कोडमध्ये एक बदल झाला. ऑर्डरपैकी किती शेअर्स घेऊन झाले हे मोजून ‘पुरे, आता थांब’ असं सांगणारा भाग होता, तो दुसऱ्या जागी हलवला. त्यानंतर पॉवर पेग नीट थांबतो का, हे कुणी तपासलं नाही. वापरात नसलेली गोष्ट कोण तपासणार?

मग आलं २०१२. न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजची एक नवी योजना १ ऑगस्टला सुरू होणार होती. नाइटनं तिच्यासाठी नवा कोड लिहिला आणि तो चालू करायला फ्लॅग वापरला तो जुनाच, एकेकाळी पॉवर पेग चालू करणारा. नवा कोड आठ सर्व्हरवर चढवायचा होता. तो सातांवर चढला, आठवा राहून गेला. दुसऱ्या कुणी तपासून बघावं असा लेखी नियम कंपनीत नव्हता.

बाजार उघडला, फ्लॅग चालू झाला आणि आठव्या सर्व्हरवर नऊ वर्षं झोपलेला पॉवर पेग जागा झाला. ‘पुरे’ म्हणणारं कुणी नसल्यानं तो ऑर्डर पाठवतच राहिला.

यातल्या दोन गोष्टी मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतात. एक म्हणजे, बाजार उघडण्याआधीच यंत्रणेनं कर्मचाऱ्यांना ९७ ईमेल पाठवले होते. त्यात पॉवर पेगचा उल्लेख होता. पण ते ईमेल धोक्याची सूचना म्हणून बनवलेलेच नव्हते, त्यामुळे कुणी त्यांवर पावलं उचलली नाहीत. दुसरी म्हणजे, गोंधळ थांबवायला टीमनं सातही सर्व्हरवरून नवा कोड काढून टाकला. फ्लॅग मात्र चालूच होता. मग त्या सातांवरही जुना पॉवर पेग धावू लागला.

अशा वेळी आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, ‘सर्व्हर कुणाकडून राहिला?’ मला तो प्रश्न बिनकामाचा वाटतो. आठपैकी एखादा सर्व्हर माणसाकडून राहणारच. विचारायला हवं ते हे, की एक राहिला तर यंत्रणेला कळणार कसं? बंगळुरू, पुणे, हैदराबादेत आपल्यातले कितीतरी जण दुसऱ्यांनी लिहिलेला, वीस-वीस वर्षांचा कोड सांभाळतात. त्यांच्यासाठी मी या गोष्टीतून पाच सवयी काढते.

पहिली, सोय बंद केली की त्याच रिलीजमध्ये, फार तर पुढच्या रिलीजमध्ये, तिचा कोड काढा. जुना कोड व्हर्जन कंट्रोलमध्ये सुरक्षित असतोच. ‘असू दे, काय खातंय?’ हे वाक्य टीममध्ये चालवून घेऊ नका.

दुसरी, जुन्या फ्लॅगला नवा अर्थ देऊ नका. नवा फ्लॅग फुकट मिळतो.

तिसरी, कोड चढवणं स्क्रिप्टवर सोपवा आणि सगळ्या सर्व्हरवर एकच व्हर्जन आहे याची खात्री झाल्याशिवाय नवी सोय चालूच होणार नाही, अशी अट स्क्रिप्टमध्येच घाला.

चौथी, ज्या सूचनेवर कुणी काही करणार नाही ती पाठवू नका. उरलेल्या प्रत्येक सूचनेला एक मालक ठरवा.

पाचवी, माघार घेण्याची तालीम करा. कोड, फ्लॅग आणि डेटा यांपैकी काय आधी मागे घ्यायचं ते लिहून ठेवा. आणि सगळं एका झटक्यात बंद करणारं बटण कुठं आहे, ते दाबायचा अधिकार कुणाला आहे, हे रात्रपाळीच्या माणसालाही माहीत हवं.

कोड काढून टाकल्याबद्दल बढती मिळाल्याचं मी फारसं ऐकलेलं नाही. म्हणूनच ते काम मागे पडतं. तुम्ही टीम चालवत असाल, तर पुढच्या नियोजनात त्यासाठी दोन दिवस राखून ठेवा. ग्राहक विचारेल, ‘यातून नवीन काय मिळणार?’ तेव्हा त्याला ही ४५ मिनिटं सांगा.

भेटू पुढच्या भागात.