डोकं न दुखताही होते अर्धशिशी! चक्कर, पोटदुखी, हातापायात बळ नसणं; जाणून घ्या वेगळे प्रकार

सोलापूर : अर्धशिशी म्हटलं की अर्धं डोकं ठणकणं, मळमळ आणि उजेड सहन न होणं एवढंच आठवतं. हा त्रास साधारण ४ ते ७२ तास टिकतो. पण काही प्रकार वेगळेच असतात. कुणी पित्त म्हणून सोडून देतं, कुणी बाहेरची बाधा समजून अंगारा लावतं आणि उपचार लांबतो.

वेगळे प्रकार कोणते?

डोळ्यांपुढे चमक : नागमोडी रेषा, चमकणारे ठिपके दिसतात. ५ ते ६० मिनिटांत थांबतं. नंतर डोकं दुखेलच असं नाही.

चक्करेची अर्धशिशी : घर फिरल्यासारखं वाटतं, तोल जातो. काही मिनिटांपासून तीन दिवसांपर्यंत चालतं.

पोटातली अर्धशिशी : जास्त करून लहान मुलांना होते. बेंबीभोवती दुखतं, उलट्या होतात, चेहरा पांढरा पडतो. मधल्या काळात मूल ठणठणीत असतं. शाळा चुकवायचं नाटक समजून मुलाला रागवू नका.

लकव्यासारखी अर्धशिशी : एका बाजूच्या हातापायातलं बळ जातं, बोलणं अडखळतं. हा प्रकार दुर्मिळ असून बऱ्याचदा घराण्यात चालत येतो.

घरी अंदाज बांधू नका

अर्धशिशीत लक्षणं हळूहळू पसरतात, लकव्यात एकदम येतात. तरीही तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलता येईना किंवा एका डोळ्याचं दिसणं गेलं तर थेट १०८ ला फोन करा. लकव्यात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. त्यामुळे सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय लवकर गाठणं महत्त्वाचं. आयुष्यात कधी नव्हे असं अचानक डोकं दुखलं, सोबत ताप आणि मान ताठ झाली, तरीही थांबू नका.

हे लक्षात ठेवा

उपास, जागरण, कडक ऊन, कमी पाणी यामुळे त्रास उठू शकतो. मेडिकलमधून आणलेल्या साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ किंवा जास्त दिवस घेतल्या, तर गोळ्यांमुळेच डोकेदुखी वाढते. डोळ्यांपुढे चमक येणाऱ्या महिलांनी गर्भनिरोधक गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांना तसं सांगावं; काही गोळ्यांमुळे लकव्याचा धोका वाढतो.

त्रासाची तारीख, वेळ, आधी काय खाल्लं, झोप किती झाली हे वहीत लिहून ठेवा. डॉक्टरांना निदान करायला हीच वही उपयोगी पडते.