उबेचा मालक कोण?

माणसाला विस्तव सापडला त्याच रात्री गुहेत पहिलं भांडण झालं असणार. एकाला आणखी लाकूड घालायचं असेल, दुसऱ्याला जळतं लाकूड ओढायचं असेल. थर्मोस्टॅटचा इतिहास म्हणजे हे भांडण यंत्राकडून मिटवून घेण्याची चारशे वर्षांची खटपट.

थर्मोस्टॅट आपल्याला अगदीच परका नाही. इस्त्रीच्या पोटात तो असतो. नायलॉन, रेशीम, सुती अशी चकती फिरवून आपण निर्धास्त होतो, ते त्याच्याच जिवावर. थंड मुलखात मात्र तो भिंतीवर बसतो आणि सगळ्या कुटुंबाला एकाच प्रकारचं कापड समजतो.

सतराव्या शतकात इंग्लंडात राहिलेल्या कॉर्नेलिस ड्रेबेल या डच गृहस्थाने अंडी उबवायची पेटी केली. ऊब वाढली की आतला पारा सरके आणि भट्टीची हवा आपोआप कमी होई. म्हणजे पहिली सोय झाली ती कोंबडीच्या पिलांची! माणसांचा नंबर बराच मागे होता.

१८३० साली अँड्र्यू यूर या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने दोन निराळ्या धातूंच्या पट्ट्या एकमेकींना जखडल्या. दोघी सारख्या फुगत नाहीत, त्यामुळे तापल्या की जोडी वाकते आणि त्या वाकण्याने झडप हलते. दोन भिन्न स्वभाव एकत्र बांधले की तापल्यावर वाकडे होतात, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक होतं; यूरने त्याचं पेटंट घेतलं, एवढंच.

पुढे अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये वॉरन जॉन्सन नावाचे मास्तर होते. त्यांच्या कॉलेजात शिपाई दर वर्गात डोकावून ऊब बघायचा आणि मग तळघरात जाऊन झडपा कमीजास्त करायचा. शिकवण्यात सारखा व्यत्यय! मास्तरांनी १८८३ साली वर्गातूनच तळघरात विजेने वर्दी जाईल अशा यंत्राचं पेटंट मिळवलं. दोनच वर्षांनी मिनियापोलिसच्या आल्बर्ट बुट्झने शिपायालाही रजा दिली: खोली गार पडली की भट्टीची झडप यंत्रच उघडू लागलं. त्याच धंद्यातून पुढे हनीवेल कंपनी उभी राहिली आणि १९५३ साली हेन्री ड्रेफस यांनी आखलेली तिची गोल चकती घराघरांत गेली.

भांडण मात्र मिटलं नाही. यंत्र आकडा सांभाळतं; कोणता आकडा, ते सांगत नाही. २ फेब्रुवारी १९७७ रोजी इंधनाच्या तंगीत अध्यक्ष कार्टर स्वेटर घालून टीव्हीवर आले आणि दिवसा ६५ व रात्री ५५ अंश फॅरनहाइट ठेवा, अशी त्यांनी देशाला विनंती केली. महासत्तेच्या अध्यक्षालाही शेवटी स्वेटरचाच आधार!

माझा भाचा न्यू जर्सीत नवं घर घेतोय आणि सध्या थर्मोस्टॅट निवडतोय. घड्याळवाला, फोनवरून चालणारा, आपल्या सवयी शिकणारा. चर्चा फक्त बिलाची. त्याच्या जुन्या घरी ताई एक हिवाळा राहून आली. सकाळी सगळे कामाला गेले की तिथला थर्मोस्टॅट, ठरवून दिल्याप्रमाणे, घर गार होऊ द्यायचा. फोनवर मी म्हटलं, "अगं, चकती फिरव की!" तर म्हणाली, "त्यांचं घर, त्यांचं बिल. मी आपली शाल घेते."

हल्लीची काही यंत्रं तर हालचाल दिसली नाही की घर रिकामं समजतात. सोफ्यावर शाल पांघरून स्वस्थ बसलेली ताई त्यांच्या हिशेबी घरात नसतेच!

तेव्हा भाच्याला माझा सल्ला एवढाच: यंत्र उन्हाच्या, चुलीजवळच्या किंवा वाऱ्याच्या भिंतीवर लावू नकोस, नाहीतर ते भिंतीचीच ऊब मोजत बसेल. आणि घे असं, की ज्याचा आकडा आईला चष्म्याशिवाय दिसेल. मग तिचा हात धरून ते तिच्याकडून एकदा फिरवून घे. ते काम अजून कुठल्याही यंत्राला जमलेलं नाही.