मल्टिक्स व युनिक्स : विश्वासार्हतेची किंमत

मल्टिक्स या कार्यप्रणालीचे काम मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्था, जनरल इलेक्ट्रिक व बेल प्रयोगशाळा यांनी १९६५ च्या सुमारास मिळून चालविले. विजेप्रमाणे संगणकाची सेवाही अखंड मिळावी, हा हेतू. म्हणून यंत्र चालू असतानाच त्याचा एखादा प्रक्रियक वा स्मृतिभाग अलग करण्याची सोय तीत करण्यात आली. परंतु ही प्रणाली विशिष्ट यंत्ररचनेशी इतकी निगडित होती की, तिला अन्यत्र जाता आले नाही.

बेल प्रयोगशाळेने १९६९ मध्ये अंग काढून घेतले. त्याच वर्षी तेथील केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनी पीडीपी-७ या लहानशा यंत्रावर युनिक्सचा आरंभ केला. गंभीर दोष आढळताच ‘पॅनिक’ नामक आज्ञाक्रम यंत्रच थांबवी. दोषातून सावरण्याची यातायात बव्हंशी वगळलेली होती. यास निष्काळजीपणा म्हणणे अन्यायाचे होईल. थोडे लोक वापरीत असलेल्या छोट्या यंत्रापुरता तो हिशेब रास्तच होता. १९७३ मध्ये युनिक्सचा गाभा सी भाषेत नव्याने लिहिला गेला आणि पुढे ती निरनिराळ्या यंत्रांवर नेणे सुकर झाले. तिच्या ठायी पुढे मानली गेलेली विश्वासार्हता मात्र मूळ रचनेची देणगी नव्हे. ती उत्तरकालीन दुरुस्त्यांची कमाई होय.

मल्टिक्सचे अखेरचे यंत्र कॅनडातील हॅलिफॅक्स येथे ऑक्टोबर २००० मध्ये बंद करण्यात आले.