गतकाळाची वस्त्रे आणि घरातील सुई

मनुष्य आपल्या पूर्वजांची घरे जपतो, शस्त्रे जपतो, दागिने तर जिवापाड जपतो. वस्त्रे मात्र काळाच्या हाती सहज लागतात. कसर, घाम आणि ऊन हे त्यांचे वैरी. त्यातून गरिबाचा अंगरखा विरेपर्यंत अंगावर राहतो आणि अखेरीस त्याचे पोतेरे होते. म्हणूनच संग्रहालयांत श्रीमंतांचे रेशीम अधिक आढळते, कष्टकऱ्यांचे जाडेभरडे कापड क्वचितच. अशा अपुऱ्या पुराव्यावरून गतशतकांतील वस्त्रे पुन्हा शिवण्याचा व्यवसाय इंग्लंड-अमेरिकेत गेल्या अर्धशतकात रुजला. तो पुष्कळ अंशी स्त्रियांनी घरच्या घरी चालविला. त्याच्या मुळाशी असलेला श्रममूल्याचा प्रश्न आम्हांला विशेष विचारणीय वाटतो.

युरोपात शिवणकाम हा दीर्घकाळ पुरुष शिंप्यांचा मक्ता होता. 1675 साली फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने पॅरिसच्या शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांना स्वतंत्र व्यवसायसंघ स्थापण्याची मुभा दिली. स्त्रियांची व लहान मुलांची वस्त्रे शिवण्याचा हक्क त्यांना मिळाला, तरी दरबारी पोशाखाची ताठ चोळी शिंप्यांकडेच राहिली. सुई स्त्रीच्या हाती अधिकृतपणे आली. परंतु तिचे मोल ठरविण्याची सत्ता आली नाही. 1843 साली इंग्रज कवी थॉमस हूड याने सदरे शिवून पोट भरणाऱ्या स्त्रीच्या हलाखीवर कविता लिहिली आणि इंग्लंडचे समाजमन हलले. 1846 मध्ये एलायस हाऊ याने व 1851 मध्ये आयझॅक सिंगर याने शिलाई यंत्राचे एकस्व मिळविले. यंत्राने वेळ वाचला, पण घरी काम करणाऱ्या स्त्रीची विश्रांती वाढली नाही. नगामागचा दर तेवढा घसरला.

याच काळातील एलिझाबेथ केकली हिचे चरित्र बोलके आहे. 1818 च्या सुमारास व्हर्जिनियात गुलाम म्हणून जन्मलेली ही स्त्री सेंट लुईस येथे शिवणकाम करून आपल्या मालकाच्या कुटुंबासह सतरा माणसांना पोसत होती. 1855 साली तिने 1,200 डॉलर भरून स्वतःची व आपल्या मुलाची मुक्तता विकत घेतली. आश्रयदात्या ग्राहकस्त्रियांनी उसनी दिलेली ही रक्कम तिने सुईच्या बळावर फेडली. पुढे 1861 पासून ती राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्या पत्नीचे पोशाख शिवू लागली. 1868 साली तिने आत्मवृत्त प्रसिद्ध केले, तेव्हा मात्र प्रतिष्ठितांची मने दुखावली आणि काम आटले. 1907 साली निराधारांच्या आश्रमात तिचा अंत झाला. तिच्या हातचा मानला जाणारा जांभळ्या मखमलीचा पोशाख वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आज जपलेला आहे. शिवणारीला आसरा मिळाला नाही, वस्त्राला मिळाला.

विसाव्या शतकात इतिहासाच्या पुनर्दर्शनाची आवड वाढली. 1926 पासून व्हर्जिनियातील विल्यम्सबर्ग हे जुने नगर पुन्हा उभारले गेले. 1976 साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याची द्विशताब्दी साजरी झाली आणि जुन्या लढायांचे देखावे सादर करणाऱ्या हौशी मंडळींना त्या काळचे डगले, झगे व टोप्या हव्या झाल्या. कारखान्याला हजारो नग एकाच मापाचे लागतात. येथे प्रत्येक नग निराळा. साहजिकच हे काम घरातील शिलाई यंत्राकडे वळले. इंग्लंडच्या जॅनेट अर्नोल्ड या विदुषीने संग्रहालयांतील मूळ वस्त्रे मोजून, त्यांचे भाग चौकटीच्या कागदावर उतरविले. सोळाव्या-सतराव्या शतकांतील बेतणीवरचा त्यांचा ग्रंथ 1985 साली निघाला आणि दूरच्या घरात बसलेल्या शिवणारीलाही विश्वसनीय आधार लाभला.

या व्यवसायाची एक अट कठोर आहे. अठराव्या शतकाचे वस्त्र यंत्राने शिवले, तर जाणकाराला टाक्यावरूनच ते उमगते. म्हणून आतली लांब शिवण यंत्राने घालायची आणि दिसणारी किनार, काजे व चुण्या हाताने करायच्या, अशी तडजोड अनेकजणी करतात. संपूर्ण हातशिलाई मागणाऱ्याला अनेक दिवसांच्या श्रमाचे मोल मोजावे लागते. ग्राहक मात्र तयार कपड्यांच्या दुकानातील किंमत मनात धरून येतो. शिवणारीही कापड, अस्तर, दोरा यांचा हिशेब चोख ठेवते आणि आपले तास धरण्यास विसरते. घरात केलेले काम हे काम नव्हेच, ही जुनी समजूत तिच्याही मनात घर करून असते.

घरकाम हे स्वातंत्र्य की शोषण, हा वाद अमेरिकेत कायद्यापर्यंत गेला. 1940 च्या दशकाच्या आरंभी सात उद्योगांत कामगारांकडून घरी काम करवून घेण्यास निर्बंध घालण्यात आले. त्यांत स्त्रियांची वस्त्रे व विणकामही होते. व्हरमॉन्टमधील घरी विणणाऱ्या स्त्रियांनी या निर्बंधाविरुद्ध आवाज उठविला. कामगार संघटनांनी निर्बंधाचा पक्ष घेतला. 1984 साली विणकाम मोकळे झाले, 1988 साली आणखी पाच उद्योगांवरील बंदी उठविण्याचे ठरले. स्त्रियांच्या वस्त्रांवरील मात्र कायम राहिली. स्वतःच्या ग्राहकासाठी स्वतः शिवणारी स्त्री या निर्बंधात येत नव्हती. दोन्ही पक्षांत तथ्य होते. ज्या घरी दर ठरविणारी शिवणारी स्वतः असते तेथे घर हे कार्यशाळा होते. दर दलाल ठरवितो तेथे तेच घर कोंडवाडा ठरते. आपल्या देशात 1972 साली अहमदाबादेत इला भट्ट यांनी स्थापिलेल्या ‘सेवा’ संघटनेने हाच प्रश्न जगापुढे नेला. 1996 साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांविषयीचा करार संमत केला, त्यात तिच्या प्रयत्नांचा वाटा मोठा होता.

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. 1736 च्या धर्मन्यायपीठाच्या फर्मानाने गोव्यातील ख्रिस्ती जनांना धोतर-चोळीसारखे देशी वेश वर्ज्य केले होते. तरीही मांडो नृत्याचा पानो-बाजू हा पोशाख पुढे घडला. त्याचे एक नाव पोर्तुगीज, दुसरे मलाय, आणि त्यावरचे भरतकाम जरतारी. वेन्डेल रॉड्रिग्स यांनी 2012 च्या ‘मोडा गोवा’ या ग्रंथात गोव्याच्या वेशभूषेचा इतिहास मांडला आणि कुणबी साडीला नवे जीवन दिले. सणासमारंभाला असे जुने वेश अंगावर चढतात, तेव्हा आम्ही नेसणारीचे कौतुक करतो. शिवणारीचे नाव कोणी विचारीत नाही. परंपरा जपायची तर पेटीतले वस्त्र जपून भागणार नाही. ते बेतणारा हात टिकला पाहिजे, आणि तो हात केवळ कौतुकावर नव्हे, तर रास्त मोबदल्यावर टिकतो.