ताई-ची : घराण्यातून बागेत

चीनमधल्या शहरांत सकाळी बागेत संथ लयीत हातपाय फिरवणारे वृद्ध दिसतात, ती ताई-ची. मुळात ही लढण्याची विद्या. मला कुतूहल आहे ते तिच्या शिकण्या-शिकवण्याच्या इतिहासाचे. रीत बदलली तेव्हा विद्येचे काय झाले?

हेनान प्रांतातल्या चेनजियागोऊ गावात चेन घराणे ती पिढ्यान्‌पिढ्या जपत होते. बाप मुलाला, चुलता पुतण्याला शिकवी. परका माणूस यांग लुचान (१७९९–१८७२) तिथे चेन चांगशिंग यांच्याकडे शिकला आणि पुढे बीजिंगमध्ये उमरावांना शिकवू लागला. त्याने चाकर होऊन चोरून पाहत विद्या मिळवली, ही कथा एकलव्याच्या वळणाची आहे. इतिहास म्हणून ती स्वीकारता येत नाही.

घरात शिकवताना विद्येचा मूळपुरुष कोण, हे सांगावे लागत नाही. परक्यांना शिकवायचे तर परंपरा दाखवावी लागते. इथे झांग सानफेंग हा दंतकथेतला ताओपंथी सिद्ध पुढे येतो. यांगच्या शिष्याचा भाचा ली यियू याच्या १८६७ च्या टिपणात ताई-चीचा आरंभ सानफेंगपासून सांगितला आहे. १८८१ च्या प्रतीत मात्र ती कुणी निर्माण केली हे ज्ञात नाही, असे म्हटले आहे. ही दुरुस्ती मला फार मोलाची वाटते. पुढे १९३० च्या दशकात तांग हाओ या संशोधकाने चेन गावात जाऊन वंशावळी तपासल्या आणि सतराव्या शतकातल्या चेन वांगतिंगकडे बोट दाखवले. तो वाद अजून मिटलेला नाही. परंतु सानफेंगच्या बाजूने समकालीन पुरावा नाही.

लुचानचा नातू यांग चेंगफू (१८८३–१९३६) याने बीजिंग-शांघायमध्ये सर्वांसाठी वर्ग घेतले. उड्या, झटके गेले. गती एकसारखी संथ झाली. छायाचित्रांची पुस्तके निघाली. १९५६ मध्ये सरकारी क्रीडा आयोगाने चोवीस हालचालींचा सोपा क्रम ठरवला, आणि तोच बागांत पोहोचला.

पुस्तकाला आणि मोठ्या वर्गाला एक गोष्ट साधत नाही. ताई-चीत ‘तुइशोऊ’ नावाचा जोडीचा सराव असतो : मनगटाला मनगट लावून समोरच्याचा जोर ओळखायचा आणि वळवायचा. तो स्पर्शानेच शिकवावा लागतो. शंभरांच्या रांगेत शिक्षकाचा हात प्रत्येकापर्यंत पोहोचत नाही.

म्हणून ऱ्हास झाला, असे मी म्हणणार नाही. घराण्यात बंद राहिली असती, तर ती एका रोगाच्या साथीत किंवा युद्धात संपली असती. २०२० मध्ये युनेस्कोने तिला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. पण वारसा जपायचा तर क्रमाबरोबर तो स्पर्शही पुढच्या पिढीच्या हाती द्यावा लागेल, आणि त्यासाठी लहान वर्ग व धीराचे शिक्षक लागतील.