मोजून केलेली जखम

शस्त्रक्रियेविना त्वचा घट्ट करण्याचे बहुतेक उपचार एका जुन्या अनुभवावर उभे आहेत. कातडीला बेताची इजा झाली की ती भरून येताना खालच्या थरात नवे कोलॅजन तयार होते आणि सैल पडलेला भाग आवळला जातो. इ.स.पू. १५५० च्या सुमाराच्या इजिप्तमधील एबर्स पपायरसमध्ये मध, मीठ, नेट्रॉन क्षार आणि अलाबास्टरची पूड यांचा लेप सांगितला आहे. त्वचा घासून उजळ करण्याचाच हा प्रकार.

या अनुभवाला शास्त्राची बैठक मिळाली ती १८८२ मध्ये. हॅम्बुर्गचे त्वचारोगतज्ज्ञ पॉल उन्ना यांनी सॅलिसिलिक आम्ल, रिसॉर्सिनॉल, फिनॉल यांसारख्या द्रव्यांचे त्वचेवरील परिणाम नोंदवले. पुढे अमेरिकेत फिनॉलने चेहरा सोलण्याचा धंदा वैद्यकीय शिक्षण नसलेल्यांच्या हाती गेला आणि कृती घराण्याच्या गुपितासारखी जपली जाऊ लागली. मायामीचे शल्यचिकित्सक थॉमस बेकर आणि हॉवर्ड गॉर्डन यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी आपले मिश्रण मापांसह छापले, हे त्यांचे मोठे काम. त्यात ३ मिलिलिटर फिनॉल, २ मिलिलिटर पाणी, द्रवसाबणाचे ८ थेंब आणि क्रोटन तेलाचे ३ थेंब असत. क्रोटन म्हणजे आपल्याकडे जहाल रेचक म्हणून माहीत असलेला जमालगोटा. खरे काम फिनॉलचे, तेल नुसते जोडीला, असा समज कितीतरी वर्षे टिकला. इजेची खोली मुख्यतः त्या थेंबांवरच ठरते, हे ग्रेगरी हेटर यांनी २००० मध्ये दाखवले. फिनॉल मात्र निरुपद्रवी नव्हते. ते रक्तात उतरून हृदयाचे ठोके बिघडवू शकते, त्यामुळे उपचार सुरू असताना हृदयावर सतत लक्ष ठेवावे लागे.

रसायनाची जागा घेणाऱ्या साधनाचा धागा महाराष्ट्रात सापडतो. बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले कुमार पटेल यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइड लेझर शोधून काढला. १९६४ मध्ये त्यांनी तो जगापुढे मांडला. त्याचे १०.६ मायक्रॉन तरंगलांबीचे किरण पाण्यात चटकन शोषले जातात आणि त्वचेत पाणी भरपूर असते, त्यामुळे अतिशय पातळ थर वाफ होऊन उडवता येतो. १९९० च्या दशकात सुरकुत्यांसाठी हा लेझर सर्रास वापरला गेला. जखम भरायला आठवडे लागत. सावळ्या त्वचेवर काळे डाग उमटण्याचा धोका मोठा होता, आणि भारतीय रुग्णांच्या दृष्टीने ही उणीव गंभीर होती. २००४ मध्ये पुढे आलेल्या फ्रॅक्शनल पद्धतीत किरणांचे सूक्ष्म ठिपके पाडून मधली त्वचा शाबूत ठेवतात. तिथूनच जखम लवकर भरते.

वरचा थर न दुखावता आत उष्णता पोचवण्याचा मार्ग याच काळात निघाला. कोलॅजनचे धागे साधारण ६० ते ६५ अंश सेल्सिअसला आखडतात. रेडिओफ्रीक्वेन्सी यंत्र खालचा थर तापवते आणि पृष्ठभाग थंड ठेवते. अमेरिकेत त्याला डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्यांसाठी २००२ मध्ये परवानगी मिळाली, तर भुवया उचलण्यासाठी केंद्रित ध्वनिलहरींना २००९ मध्ये.